थप्पीवरचा हात

सोजरबाईनं समुद्र कधी पाहिला नव्हता. चार कोसांवरचं माहेर आणि जऊळक्याच्या टेशनाजवळचं सासर, एवढाच तिचा मुलूख. पण जहाजात माल कसा भरतात हे गावात कोणाला विचारायचं झालं, तर तिलाच विचारावं. जहाजाच्या पोटाचं तोंड केवढं असतं, माल उचलणारा विंच कुठं बसवलेला असतो, दहा गठाणी एकाच दोरात कशा आवळतात, हे ती विहिरीवर कळशी घासता घासता अशी सांगायची, की बाईनं सारा जन्म मुंबईच्या गोदीत काढला असं ऐकणारीला वाटावं. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. हसू द्या बापड्यांना! हे सगळं शहाणपण सोजरबाईला नवऱ्याकडून मिळालं होतं, आणि त्याची किंमत दोघांनी मोजली होती.

नवऱ्याचं नाव उकंडा. थोरल्या भावाच्या पाठची दोन लेकरं दगावली, म्हणून आईनं याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर लोळवलं आणि नावही तसंच ठेवलं. यमालासुद्धा किळस यावी, हा हिशेब. यमाचं माहीत नाही, पण पोरगा हाडापेरानं असा भरला की कापसाचं बोचकं एकट्यानं बैलबंडीत टाकायचा. घरची जमीन मोठ्या भावाला, मारोतरावांनाच, कशीबशी पुरायची. म्हणून लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी उकंडा मुंबईला गेला आणि गोदीत लागला.

आधी दोन वर्षं पाठीवर पोती वाहिली. मग टोळीच्या मुकादमानं त्याची नजर हेरली आणि त्याला जहाजाच्या पोटाच्या तोंडाशी उभं केलं. ते काम मोठं मजेशीर. खाली खोल पोटात माल रचणारी माणसं, वर विंच चालवणारा, आणि दोघांना एकमेकांचं नखही दिसत नाही. दोघांना दिसतो तो मधल्या माणसाचा हात. बोट वर करून फिरवलं की हबेस, म्हणजे उचल. पंजा पालथा करून खाली नेला की आऱ्या, म्हणजे सोड. मूठ वळली की थांब. विंचच्या खडखडाटात ओरडून काही उपयोग नसतो, तेव्हा सगळा कारभार हातावर. तो हात उकंडाचा होता, आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता.

दरवर्षी पोळ्याला तो पंधरा दिवस घरी यायचा. घरासमोरच्या चावडीवर हातवारे करत गोदीच्या गोष्टी सांगायचा. लोक म्हणायचे, "एका दमात दहा गठाणी? मंग बैलं किती जुपतात गा?" उकंडा कपाळावर हात मारायचा. सोजरबाई दाराआडून ऐकायची आणि पंधरा दिवसांत जेवढा नवरा वाट्याला येई तेवढा पदरात घ्यायची. लेकरू नव्हतं. मुंबईच्या बारा वर्षांत दोघं एकत्र राहिले ते दिवस जोडले असते, तर सहा महिनेही भरले नसते.

चव्वेचाळीस सालच्या एप्रिलात मुंबईच्या गोदीत दारूगोळ्यानं भरलेलं जहाज उडालं. उकंडा त्या जहाजावर नव्हता, पलीकडच्या धक्क्यावर गव्हाची पोती उतरवत होता. पण त्या आवाजानं त्याला उचलून फेकलं, आणि शुद्धीवर आला तेव्हा जग मुकं झालं होतं. महिनाभर दवाखान्यात काढून तो जऊळक्याला उतरला. अंगावर ओरखडा नाही, हातपाय शाबूत, आणि कानात नुसता सुन्नाटा.

गावाची एक खोड असते. माणूस बहिरा झाला, की लोक त्याला येडा समजू लागतात. जो तो त्याच्या कानाशी तोंड नेऊन बोंबलायचा आणि त्याला कळलं नाही की हसायचा. उकंडालाही आपला आवाज ऐकू येत नसल्यामुळे तो घरात असा बोलायचा, की रस्त्यावरची कुत्री उठावीत. "सोजर! पानी दे व!" म्हणाला की शेजारचे चारजण दारात.

पहिले आठ दिवस सोजरबाई नुसती रडली. नवव्या दिवशी जेवताना तिनं भाकर पुढं केली, तर त्यानं न बोलता मूठ वळून दाखवली. तिला कळेना. मग त्यानं बोट फिरवून दाखवलं, भाकरीकडे पाहिलं, पुन्हा मूठ वळली. आता तिला उमजलं, बस झालं, भाकर उचल. बारा वर्षं तो चावडीवर सांगत होता ते तिनं दाराआडून ऐकलं-पाहिलं होतंच की! तिनं वरणाच्या वाटीला हात लावला आणि, हीही उचलू का, म्हणून बोट फिरवलं. त्यानं हो म्हणून मान हलवली. त्या दिवसापासून त्या घरात गोदी सुरू झाली. तो ओरडला की ती पंजा पालथा करून खाली दाबायची, आऱ्या, आणि त्याचा आवाज खाली यायचा. बादली विहिरीतून ओढताना, छपराचा वासा चढवताना, गवताचा भारा उतरवताना, ती हात दाखवायची आणि तो तसं करायचा. महिन्या दोन महिन्यांत ती इतकी तरबेज झाली, की तो म्हणाला, "तू मुंबईले असती, तं मायी जागा घेतली असती तुनं." आवाज अर्थात सगळ्या गल्लीनं ऐकला. सोजरबाई लाजली, पण खरं सांगायचं तर तिला लग्नात झाला नव्हता एवढा आनंद त्या दिवशी झाला.

पण पोटाचं काय? मारोतराव मनानं वाईट नव्हते. त्यांनी भावाला शेतात माळा बांधून दिला आणि गोफण हाती दिली. ज्वारीची कणसं दुधात आली होती, राखण करायची. आता बहिऱ्या माणसाला पाखरं राखायला बसवायचं, हे कोणाच्या डोक्यात येईल? पाखरं राखतात ती कानानं. उकंडा समोर डोळ्यांत तेल घालून बघायचा, आणि मागच्या चार ओळी चिमण्या खुशाल फस्त करायच्या. आठ दिवसांनी मारोतरावांनी शेत पाहिलं आणि घरी येऊन बायकोला म्हणाले, "प्रयागबाई, तिले सांग, उद्यापासून त्याले धाडू नोको."

तिले म्हणजे सोजरबाईला. ती तिथंच चुलीपाशी, दोन हातांच्या अंतरावर बसली होती. पण धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलायचं नसतं आणि भासऱ्यानं तिच्याशी. त्यांची चाहूल लागली की पदर नाकाखाली यायचा आणि तिची पाठ त्यांच्याकडे व्हायची. सोजरबाईनं मारोतरावांचा चेहरा चौदा वर्षांत धड पाहिला नव्हता. पायांवरून मात्र तिनं त्यांना हजारांत ओळखलं असतं. तेव्हा प्रयागबाईनं ऐकलेलंच पुन्हा सांगितलं, सोजरबाईनं ऐकलेलंच पुन्हा ऐकलं, आणि उकंडाला काही न सांगताच सगळं कळलं. त्या रात्री त्यानं भाकर अर्धीच खाल्ली.

मार्गशीर्षात टेशनावर कापसाच्या गठाणी येऊ लागल्या. सरकी काढून रुई दाबणाऱ्या जिनांतून बंड्या भरभरून यायच्या, टेशनाच्या आवारात गठाणींच्या थप्प्या लागायच्या आणि तिथून त्या मालगाडीच्या वाघिणींत चढायच्या. चढवणाऱ्या टोळीचा मुकादम हरिसिंग. बंजारा तांड्यावरचा माणूस, आवाज असा की मालगाडीची शिट्टी फिकी पडावी. पाच मणांची गठाण दोन फळ्यांवरून वर जायची. खालून तिघं खांदा लावायचे, वरून वाघिणीच्या दारातले दोघं दोर ओढायचे. आणि सगळं चालायचं हरिसिंगच्या आरोळीवर. तो "हां रेऽ" म्हणाला की जोर, "रुक" म्हणाला की दम, "छोड" म्हणाला की सैल.

उकंडा त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला. हरिसिंगनं खांदे पाहिले आणि ठेवून घेतला. दोन दिवस निभलं, कारण उकंडा बाजूच्या गड्याचं बघून ओढायचा. तिसऱ्या दिवशी गठाण फळीवर तिरकी झाली. हरिसिंग खालून ओरडला, "रुक! रुक!" पण तो होता गठाणीमागे, दिसत नव्हता. सगळे थांबले, उकंडा ओढतच राहिला. गठाण फळीवरून घसरली ती खालून खांदा लावणाऱ्या शालिकरामच्या पायावर. अंगठ्याचं नख गेलं. पाय वाचला, हे त्याचं नशीब.

दुपारची भाकर घेऊन सोजरबाई आली, तेव्हा हरिसिंगनं तिला बाजूला बोलावलं. "बाई, तुमचा आदमी लाखात एक हाय. पण मी त्याले कसा ठेवू? आज नख गेलं, उद्या कोणाचं मुंडकं जाईन. त्याचंच जाईन."

त्यात खोटं काय होतं? घरी आल्यावर उकंडा भिंतीकडे तोंड करून पडला. दुसऱ्या दिवशी उठला आणि वळकटी बांधू लागला.

"कोठी चालले?" तिनं हातानं विचारलं.

"मुंबईले," तो गल्लीला ऐकू जाईल असा म्हणाला. "अठी बसून भावाचं खाऊ काय? तठी कोनी ना कोनी देईन काही."

तिनं पंजा दाबून आवाज खाली आणायला लावला. मुंबईत बहिऱ्या हमालाला कोण काय देणार, हे तिला कळत होतं आणि त्यालाही कळत होतं. तो परत यायला जात नव्हता. आत्ता कुठं तिला नवरा मिळाला होता, रोज उठून समोर दिसणारा, तिच्या बोटांकडे बघून हसणारा. तिनं वळकटीवर पाय ठेवला, मूठ वळून त्याच्या तोंडापुढं धरली आणि तडक टेशनाकडे निघाली.

"हरिसिंगभाऊ, तुमची आरोळी यायले ऐकू येत नाही. मी दाखवतो यायले."

"काय दाखवतं?"

"हात. तुमी 'हां रे' म्हणा, मी असं करतो. 'रुक' म्हणा, असं करतो. हे मायाकडे पाहून वढतीन. गोदीत असंच करतात."

टोळी खो खो हसली. कोणी म्हणालं, आता बाया मुकादमी करणार. हरिसिंगनं दाढी खाजवली. "हात दाखवाले मी एक मानूस उभा करत असतो, तं वढलं कोनं असतं?"

"म्हून तं मी हाय. मले मजुरी नोको. यायले ठेवा."

शालिकराम लंगडत घरी बसला होता, आणि मालगाडी येण्याआधी वाघीण भरायची होती. हरिसिंगनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. "ठीक. पण एक गठाण हुकली, तं बात खतम. मंग रडायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सोजरबाई वाघिणीसमोरच्या थप्पीवर चढून उभी राहिली. पदर डोक्यावरून घट्ट, हात उंच. दारात उकंडा दोर धरून, नजर तिच्या बोटांवर. हरिसिंग गठाणीमागून ओरडायचा आणि तिचं बोट फिरायचं. पहिल्या गठाणीला तिचा ऊर धडधडत होता, दहाव्या गठाणीला ती टोळीतली झाली. उकंडाचा दोर आता इतरांपेक्षा बिनचूक चालू लागला, कारण बाकीचे आरोळी संपायची वाट बघायचे आणि हा हात उठताक्षणी ओढायचा. तीन दिवस असं बिनघोर गेलं. तिनं घरी कोणाला काही सांगितलं नव्हतं. प्रयागबाईला वाटत होतं, ही नवऱ्याची भाकर घेऊन जाते आणि तिथंच रमते.

चौथ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं असताना एक गठाण फळीच्या मध्यावर होती. हरिसिंगनं "रुक" म्हटलं होतं, खालचे गडी खांदा बदलत होते, आणि सोजरबाईची मूठ वर होती. अशा वेळी सगळा भार वरच्या दोघांवर असतो. तेवढ्यात आवारात एक बंडी शिरली. तीन गठाणी लादलेल्या, आणि जुवाजवळ पायी चालणारा माणूस. सोजरबाईनं आधी पाय पाहिले.

मारोतराव! जिनाच्या भाड्याला त्यांनी त्या दिवसापासून आपली बंडी लावली होती.

तिनं काही विचार केला नाही. विचार करायला वेळच कुठं होता? चौदा वर्षांच्या सवयीनं तिची मूठ उघडली, हात खाली आला आणि पदराचा काठ ओढून नाकाखाली घेऊन गेला. उघडा पंजा खाली आला, एवढंच उकंडानं पाहिलं. आऱ्या. त्यानं दोर सोडला.

गठाण एका बाजूनं फिरली, फळी उडाली, खालचे तिघे उड्या मारून बाजूला झाले आणि गठाण गडगडत जाऊन मारोतरावांच्या बंडीच्या चाकावर आपटली. चाकाच्या कडेचा टवका उडाला. बैल बिथरले. कोणाला लागलं नाही.

"उतर, बाई," हरिसिंग म्हणाला. ओरडलासुद्धा नाही. "मी पयलेच सांगतलं होतं."

सोजरबाई पदराआड पाठ फिरवून उभी होती. तिला मरून जावंसं वाटत होतं. उकंडा दारातून खाली उडी मारून आला. त्यानं बंडीकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, थप्पीवर पाठ फिरवून उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं आणि त्याला सगळं लख्ख कळलं.

"तिची चुकी नाही!" तो ओरडला. त्याला हळू बोलायला सांगणारा हात पदरात गुंतला होता. "गोदीत हात वर असतानी नाकावरची माशी बी हाकलत नाही मानूस. हे मीच सांगतलं नाही तिले. दादा आला म्हून तिनं पदर घेतला. दुसरं काय करीन थे?"

आता सगळ्यांच्या नजरा मारोतरावांवर गेल्या. हरिसिंगही अडला. परक्याच्या घरातली रीतभात, त्यात तो कसा पडणार? "मारोतराव, बाई तुमच्या घरची हाय," तो म्हणाला. "तुमीच सांगा. उतरवू काय?"

मारोतरावांच्या कपाळाची शीर फुगली होती. चार गड्यांसमोर घरची सून थप्पीवर उभी, चाकाचा टवका गेलेला, आणि भाऊ गावभर ऐकू जाईल असा ओरडतोय. एक शब्द बोलले असते, तर तिथंच सगळं मिटलं असतं. उकंडा त्यांच्या ओठांकडे बघत उभा होता. काय म्हणतात ते त्याला ऐकू येणार नव्हतं, म्हणून तो चेहऱ्यावरून शोधत होता. लहानपणी मार खायच्या आधी तो असाच बघायचा.

मारोतराव खाकरले. "बंडीत तीन गठाणी हायेत," ते हरिसिंगला म्हणाले. "त्या काय मी वापस जिनात नेऊ?"

एवढं बोलून ते बंडीला वळसा घालून बैलांच्या तोंडाशी गेले. एका बैलाचं शिंग हातात धरलं आणि वाघिणीकडे, थप्पीकडे, सगळ्यांकडे पाठ करून उभे राहिले. चौदा वर्षं जी पाठ सोजरबाईनं फिरवायची, ती आज त्यांनी फिरवली.

सोजरबाईला ते कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिनं ते पुसलं, डोक्यावरचा पदर काढून कमरेला खोचला आणि उघड्या चेहऱ्यानं वाघिणीकडे वळली. उकंडा दारात चढून दोर धरून तयार होता. पडलेली गठाण पुन्हा फळीवर आली. हरिसिंगनं आरोळी दिली, आणि तिचं बोट वर फिरलं.

गठाण चढू लागली. मध्यावर थांबली, तिची मूठ घट्ट. पुन्हा हलली. उकंडाच्या दंडाच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या आणि तो तिच्या बोटापलीकडे काहीही बघत नव्हता. दाराच्या काठाशी गठाण अडली, हिसका बसला आणि कलंडून आत गेली. गडी ती आत लोटण्यात गुंतले.

"चढली काय?" मारोतरावांनी विचारलं. बैलाला विचारावं तसं, मागे न बघता.

हरिसिंगही आत चढून घामाघूम झाला होता आणि उकंडाला तर काही ऐकूच येत नव्हतं. थप्पीवर एकटी सोजरबाई होती.

"चढली," ती म्हणाली. भासऱ्याशी बोललेला तिचा हा आयुष्यातला पहिला शब्द. मग तिनं सांगितलं, "बैलं जरा मांगं घ्या. तुमच्या बंडीतली घेतो आता."

मारोतरावांनी मान हलवली आणि पाठमोरेच बैल मागं सारू लागले.